दुष्काळ, टंचाई आणि बातमींतला शब्द

मृग कोरडा गेला, आर्द्रांनीं हुलकावणी दिली आणि पोळ्याच्या सुमारास बाजरीनें मान टाकली, म्हणजे पाथर्डी-कर्जतकडील शेतकरी एकच शब्द उच्चारतो : दुष्काळ. हाच प्रकार तहसील कचेरीच्या कागदावर येतो तेव्हां त्यास टंचाई हें नांव मिळतें. वेधशाळा त्यास तुटीचा पाऊस म्हणते. मंत्रालयांतून निघणाऱ्या शासननिर्णयांत तो ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ असें भारदस्त रूप धारण करतो. पुण्यामुंबईच्या घरांत सकाळीं वृत्तपत्र उघडणाऱ्या किंवा आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या ऐकणाऱ्या कुटुंबास यांपैकीं कोणता शब्द भेटेल, हें बातमी कोणाच्या तोंडून निघाली यावर अवलंबून असतें. शेत एकच आणि आभाळहि एकच. नांवें मात्र चार.

अमरकोशांत पाण्याला जशीं अनेक नांवें आहेत, तशींच हीं एका आपत्तीचीं चार नांवें, असें एखाद्यास वाटेल. वस्तुतः तसें नाहीं. कवीला पर्यायी शब्द वृत्त साधण्यासाठीं लागतो. कारभाराला तो निराळ्याच कारणासाठीं लागतो. सरकारनें दुष्काळ जाहीर केला, कीं जमीनमहसुलांत सूट, पीककर्जाचें पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपांच्या वीजबिलांत ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांस परीक्षाशुल्काची माफी, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता आणि गरजेप्रमाणें टँकर, इतक्या गोष्टी त्या एका शब्दामागोमाग येतात. शब्द बदलला, कीं ही यादी आंखडते किंवा लांबणीवर पडते. तेव्हां बातमींत कोणता शब्द आला, हा प्रश्न देण्याघेण्याचा आहे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे.

विचारप्रणालीची भाषा म्हटली कीं साधारणतः घोषणा डोळ्यांपुढें येतात. समाजवादी समाजरचना, गरिबी हटाव, सुशासन, विकास असे शब्द आपला गणवेश घालूनच येतात. ऐकणाऱ्यास ते कोणत्या गोटांतले, हें ओळखण्यास वेळ लागत नाहीं, आणि पटत नसतील तर तो ते सोडून देतो. साध्या कपड्यांत वावरणाऱ्या शब्दांची गोष्ट वेगळी आहे. ‘टंचाई निर्माण झाली’ हें वाक्य पहावें. यांत कर्ता टंचाईच आहे आणि क्रियापद अकर्मक आहे. टंचाई आपोआप निर्माण झाली. ती कोणी केली नाहीं, कोणी होऊं दिली नाहीं आणि कोणी टाळूं शकलाहि नसता. ‘अनुदान मंजूर करण्यांत आलें’, ‘पंचनामे करण्यांत येत आहेत’ या वाक्यांचा सांचाहि असाच आहे. इंग्रजी अमदानींतल्या कचेरीभाषेच्या अनुवादांतून हा ‘करण्यांत आलें’चा प्रयोग मराठींत रुळला आणि तेथून तो वृत्तपत्रांत आला. खेड्यांतला माणूस असें बोलत नाहीं. तो ‘तलाठी आला नाहीं’, ‘कालव्याचें पाणी वरच्यांनीं घेतलें’ असें कर्त्यासकट बोलतो. कर्ता गाळला, कीं जबाबदारीहि गळते. आणि हें वाक्य रोज ऐकून ऐकून ऐकणाऱ्यासहि मग कर्ता कोण, असा प्रश्न पडेनासा होतो.

या प्रश्नाचा विचार करण्यास नगर जिल्ह्याएवढें सोयीचें ठिकाण दुसरें क्वचितच सांपडेल. अहमदनगर हें ज्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, तो हा जिल्हा क्षेत्रफळानें महाराष्ट्रांत सर्वांत मोठा आहे. त्याच्या पश्चिमेच्या टोंकास अकोले तालुक्यांत महाराष्ट्रांतलें सर्वोच्च शिखर कळसूबाई उभें आहे आणि तेथें धो धो पाऊस पडतो. त्याच तालुक्यांत १९२६ सालीं पुरें झालेलें भंडारदऱ्याचें धरण आहे. त्या पाण्यावर प्रवरेच्या कांठीं उंसाचे मळे पिकले, आणि १९५० सालीं लोणीजवळ प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उलट पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड, पाथर्डी हे तालुके पर्जन्यछायेंत येतात. तेथें वर्षाचा पाऊस जेमतेम पांचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोहि लहरी. एकाच जिल्ह्याच्या एका टोंकाला पाणी म्हणजे कालव्याचें आवर्तन, तर दुसऱ्या टोंकाला पाणी म्हणजे टँकरची वाट. वृत्तपत्रसृष्टीशींहि या जिल्ह्याचें नातें जुनें आहे. ‘ज्ञानोदय’ हें मिशनऱ्यांचें पत्र १८४२ सालीं येथूनच निघालें. आणि नेवासे तालुक्यांतील तरवडीसारख्या खेड्यांतून मुकुंदराव पाटलांनीं ‘दीनमित्र’ हें सत्यशोधकी साप्ताहिक कित्येक दशकें चालविलें.

दुष्काळ या शब्दाला कायद्याचें वजन आलें तें इंग्रजी राज्यांत. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानें दख्खनचें कंबरडें मोडलें. त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगानें १८८० सालीं आपला अहवाल दिला, आणि त्याच्या आधारानें प्रांतोप्रांतीं ‘फॅमिन कोड’ म्हणजे दुष्काळाची नियमावली तयार झाली. या नियमावलींत आपत्तीच्या पायऱ्या होत्या. आधीं ‘स्कॅर्सिटी’ म्हणजे टंचाई, तिच्या पुढें ‘फॅमिन’ म्हणजे दुष्काळ. लोकांची गरज खरी आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं कसोटीचीं कामें काढावयाचीं. त्यांवर मजूर लोटले तर पुढची पायरी चढावयाची. दुष्काळ एकदां जाहीर झाला, कीं कामें काढणें, अशक्तांस शिधा देणें आणि साऱ्याची सूट वा तहकुबी यांचा विचार करणें सरकारास भाग पडे. खजिन्यावर भार नको असेल, तर तो शब्द उच्चारण्यासच उशीर करावा, हा मोह त्या व्यवस्थेंत पहिल्यापासूनच होता.

१८९६-९७ च्या दुष्काळांत लोकमान्य टिळकांनीं नेमकें या जागीं बोट ठेविलें. इंग्रजींत आणि कचेरीच्या कपाटांत पडलेली ही नियमावली ‘केसरी’नें सोप्या मराठींत रयतेपुढें मांडली, सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनीं गांवोगांव जाऊन तिचा अर्थ सांगितला. सरकारची मेहेरबानी म्हणून शेतकरी जें मागत होता, तें सरकारच्याच नियमाप्रमाणें त्याच्या हक्काचें आहे, एवढाच त्या लेखांचा मथितार्थ होता. शब्द तोच राहिला, परंतु तो कोणाच्या हातांत आहे, हें बदललें. वृत्तपत्रानें शब्दाचें काय करावें, याचा याहून चांगला धडा मराठी पत्रव्यवसायाच्या इतिहासांत थोडा आढळेल.

याच्या उलट उदाहरण १९४३ सालच्या बंगालचें आहे. तेथें माणसें रस्त्यांवर मरून पडत असतांहि प्रांतिक सरकारनें नियमावलीप्रमाणें दुष्काळ जाहीर केलाच नाहीं. ‘स्टेट्समन’ या इंग्रजांच्याच पत्रानें १९४३ च्या ऑगस्टमध्यें मृतांचीं आणि उपाशी माणसांचीं छायाचित्रें छापलीं, तेव्हां कोठें जगाला बातमी कळली. मृतांचे अंदाज पंधरा लाखांपासून तीस लाखांपर्यंत केले गेले आहेत. त्याच काळांत काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद नगरच्या भुईकोट किल्ल्यांत कैदेंत होते. १९४४ सालीं त्या किल्ल्यांत पंडित नेहरूंनीं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या पहिल्याच प्रकरणांत बंगालच्या दुष्काळाचा विचार आहे. अवर्षणानें पोळलेल्या जिल्ह्याच्या किल्ल्यांत बसलेल्या कैद्यास, परक्या सरकारनें नाकारलेला दुष्काळ हा पारतंत्र्याचा एक पुरावाच वाटावा, हें स्वाभाविक होतें. स्वराज्यांत असें होणार नाहीं, ही त्या पिढीची श्रद्धा होती.

त्या श्रद्धेचें पुढें काय झालें, हें पाहण्यासारखें आहे. १९६३ सालीं महाराष्ट्राच्या विधिमंडळानें एक लहानसा कायदा संमत केला. राज्यास लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द वगळावा आणि त्याच्या जागीं ‘स्कॅर्सिटी’ हा शब्द घालावा, एवढाच त्याचा विषय. त्यामागचें कारण असें सांगण्यांत आलें होतें, कीं शेतीच्या परिस्थितीवर सरकारचें सतत लक्ष असतें, टंचाईचीं चिन्हें दिसतांच मदतीचे उपाय योजले जातात, आणि म्हणून दुष्काळ पडण्यास आतां वावच उरलेला नाहीं. या म्हणण्यांत लबाडी होती असें समजण्याचें कारण नाहीं. नव्या राज्याचा आत्मविश्वास त्यांत होता. परंतु परिस्थिती बदलण्यापूर्वींच तिचें नांव बदललें, हेंहि तितकेंच खरें. परक्या सरकारनें ज्या दोन पायऱ्या केल्या होत्या, त्यांपैकीं वरची पायरी स्वकीय सरकारनें काढून टाकली आणि खालची ठेविली.

पुरतीं दहा वर्षेंहि लोटलीं नाहींत, तोंच १९७२-७३ सालीं महाराष्ट्रावर शतकांतला एक अत्यंत कठीण प्रसंग ओढवला. नगर जिल्हा त्या आपत्तीच्या ऐन मध्यावर होता. १९७३ च्या मे महिन्यांत राज्यांतील मदतकामांवर सुमारे पन्नास लाख माणसें खडी फोडीत, पाझर तलाव खणीत आणि रस्ते बांधीत होतीं. सरकारी दप्तरांत तीं टंचाईचीं कामें होतीं. लोकांच्या तोंडीं मात्र त्या सालास एकच नांव राहिलें : बहात्तरचा दुष्काळ. त्या दुष्काळानें खेड्यांतल्या बोलींत सुकडी आणि मिलो हे शब्द ठेवून दिले. एक मजुरांस वांटलेल्या पौष्टिक पिठाचा, दुसरा परदेशांतून आलेल्या तांबड्या ज्वारीचा. कचेरीनें शब्द वगळला, तरी लोकांनीं तो वगळला नाहीं. पन्नास वर्षांनंतरहि वडीलधारीं माणसें वयाचा हिशेब ‘बहात्तरच्या दुष्काळांत’ असाच सांगतात. ‘बहात्तरच्या टंचाईंत’ असें कोणी म्हणत नाहीं.

येथें सरकारची बाजूहि नीट ऐकून घेतली पाहिजे. इंग्रजींत पाऊस न पडण्यास एक शब्द आहे, जिन्नस दुर्मिळ होण्यास दुसरा, आणि माणसें उपासमारीनें मरूं लागण्यास तिसरा. मराठींतला दुष्काळ, म्हणजे वाईट काळ, या तिहींस पुरतो. १८७७ सालीं जसे लोक मेले, तसे १९७३ सालीं मेले नाहींत. मदतकामें वेळेवर निघालीं आणि मजुरांच्या हातीं पैसा गेला, हें अभ्यासकांनीं मान्य केलें आहे. स्वतंत्र वृत्तपत्रें आणि निवडणुका असलेल्या देशांत उपासमारीचा मोठा दुष्काळ पडत नाहीं, हा अमर्त्य सेन यांचा सिद्धांत प्रसिद्ध आहे. आणि त्याच्या पुष्टीसाठीं महाराष्ट्राच्या या प्रसंगाचाहि दाखला दिला जातो. तेव्हां पिण्याच्या पाण्याची ओढ आणि अन्नावांचून मृत्यु यांस एकच शब्द लावूं नये, असें एखादा जिल्हाधिकारी म्हणेल, तर तें अगदींच निराधार ठरणार नाहीं. शिवाय टंचाई हा शब्द धोका लवकर ओळखण्यास उपयोगी पडतो. दर वर्षीं ऑक्टोबरपासून पुढच्या जूनपर्यंतचा पाणीटंचाईचा आराखडा जिल्ह्यांत आधींच तयार होतो, हा त्याचाच फायदा होय.

परंतु शब्दाची ही सूक्ष्मता बहुधा एकाच दिशेनें काम करते, हीच खरी अडचण आहे. पूर्वीं पिकाचा अंदाज आणेवारीनें होई. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक. दशमान नाणीं आल्यावर तिची पैसेवारी झाली, आणि पन्नास पैशांहून कमी पीक आलें म्हणजे गांव संकटांत, असा निकष राहिला. आधीं नजरअंदाज, मग सुधारित आणि डिसेंबरांत अंतिम, असे तिचे टप्पे. शेतांत जें भाद्रपदांत दिसतें, तें कागदावर मार्गशीर्षांत सिद्ध होतें. मधल्या महिन्यांत बातमीच्या भाषेंत ‘दुष्काळाचें सावट’ असतें, ‘टंचाईच्या झळा’ असतात, ‘चिंतेचे ढग’ असतात. हीं रूपकें लिहिण्यास सोपीं आणि ऐकण्यास गोड आहेत. मात्र पैसेवारी कोणीं काढली, कोणत्या शेतांत पीककापणीचे प्रयोग झाले, आणि शेजारच्या गांवाची पन्नासच्या वर गेली ती कां, हें त्यांतून कळत नाहीं.

२०१६ हें साल या दृष्टीनें मोठें उद्बोधक ठरलें. दोन वर्षें ओळीनें पाऊस कमी झाला होता. त्या सालच्या आरंभीं भारतीय हवामान विभागानें आपल्या पर्जन्यविषयक परिभाषेंतून ‘ड्राउट’ हा शब्दच काढून टाकण्याचें ठरविलें आणि त्याच्या जागीं ‘तुटीचें वर्ष’ व ‘मोठ्या तुटीचें वर्ष’ अशा अर्थाच्या संज्ञा घेतल्या. पाऊस मोजणें हें वेधशाळेचें काम आणि दुष्काळ ठरविणें हें सरकारचें, असा त्यांचा युक्तिवाद होता, आणि तो शास्त्रदृष्ट्या चुकीचा नव्हता. तथापि त्याचा परिणाम असा झाला, कीं रोज घराघरांत जाणाऱ्या हवामानवृत्तांतून एक शब्द नाहींसा झाला. त्याच वर्षीं मे महिन्यांत महाराष्ट्र सरकारनें उच्च न्यायालयापुढें, सुमारे २९,००० गांवांच्या बाबतींत ‘दुष्काळसदृश’ या ठिकाणीं ‘दुष्काळ’ असें वाचावें, अशी भूमिका घेतली. ‘सदृश’ ही तीन अक्षरें पुसण्यासाठीं नागरिकांस न्यायालयाचीं दारें ठोठावावीं लागलीं. सर्वोच्च न्यायालयानेंहि त्याच महिन्यांत, दुष्काळ मान्य करण्यास राज्यें कां कचरतात, याबद्दल कठोर शब्द काढले.

त्यानंतर केंद्र सरकारनें दुष्काळाची नवी नियमपुस्तिका काढली. पाऊस, जमिनींतला ओलावा, पिकांची स्थिती, धरणें आणि भूजल असे निर्देशांक तींत आले, आणि दुष्काळाचे ‘मध्यम’ व ‘गंभीर’ असे दोन वर्ग झाले. केंद्राच्या आपत्तिनिधींतून मदत मागावयाची, तर दुष्काळ गंभीर असला पाहिजे. म्हणजे जुन्या नियमावलींतील पायऱ्या पुन्हां आल्या, फक्त त्यांचें गणित उपग्रहांच्या हातीं गेलें. २०१८ च्या ऑक्टोबर महिन्यांत राज्यानें प्रथम १८० तालुक्यांत दुष्काळसदृश परिस्थिती असल्याचें सांगितलें, आणि महिनाअखेर १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत ११२ गंभीर आणि ३९ मध्यम होते. २०२३ सालीं ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, आणि मग हजाराच्या आसपास महसूल मंडळांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ घोषित होऊन सवलती देण्यांत आल्या. त्या वाचणाऱ्यास दुष्काळ आणि दुष्काळसदृश यांतला फरक सांगणारी चार ओळींची टीप बातमीखालीं मिळणें अगत्याचें होतें; कारण या दोन शब्दांमध्यें दिल्लीहून येणाऱ्या मदतीचा प्रश्न अडकलेला असतो.

वरून खालीं येणाऱ्या शब्दांप्रमाणें खालून वर जाणारे शब्दहि आहेत. रोजगार हमी हा त्यांतला सर्वांत मोलाचा. वि. स. पागे यांच्या प्रेरणेनें १९६५ सालीं सांगली जिल्ह्यांतील विसापुरास प्रयोग झाला, बहात्तरच्या दुष्काळांत त्या कल्पनेस बळ आलें, १९७७ सालीं कायदा झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताकदिनीं तो अमलांत आला. ‘दुष्काळी कामावर जाणें’ यांत दया आहे. ‘हमीच्या कामावर जाणें’ यांत हक्क आहे. खडी तीच, हातोडा तोच, पण मजुराचें बोलणें बदललें. अलीकडे ‘ओला दुष्काळ’ हा शब्द असाच पुढें आला. २०२५ च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत आणि नगर जिल्ह्यांत अतिवृष्टीनें पिकें वाहून गेलीं, तेव्हां ओला दुष्काळ जाहीर करा, ही मागणी प्रत्येक वृत्तपत्राच्या मथळ्यांत होती. अशी संज्ञा नियमपुस्तिकेंत नाहीं, परंतु दुष्काळाच्या सवलती लागू करूं, अशी भूमिका राज्य सरकारनें घेतली. पुस्तिकेबाहेरच्या शब्दानें पुस्तिकेंतल्या सवलती मिळविल्या, हें लोकभाषेचें सामर्थ्य होय.

मात्र लोकांचा शब्द म्हणून तो नेहमींच निर्मळ असतो, असें मानण्याचें कारण नाहीं. मुळा आणि प्रवरेच्या धरणांतून पैठणच्या जायकवाडींत पाणी सोडण्याची वेळ येते, तेव्हां नगरकडे ‘आमचें पाणी पळविलें’ असा मथळा होतो, आणि गोदावरीच्या खालच्या अंगास, मराठवाड्यांत, त्याच पाण्याला ‘हक्काचें पाणी’ म्हणतात. २००५ सालच्या जलनियमनाच्या कायद्यांत शब्द आहे समन्यायी वाटपाचा. पळविलेलें, हक्काचें आणि समन्यायी, या तीन शब्दांत तीन बाजू बोलतात. ज्या वाचकास एकाच जिल्ह्याचें पत्र मिळतें, त्यास त्यांपैकीं एकच बाजू ऐकूं येते, आणि ती बाजू आहे हेंहि त्याच्या लक्षांत येत नाहीं. सरकारी शब्द थंड करतो, स्थानिक शब्द तापवितो. दोन्ही ठिकाणीं किती पाणी, कोणत्या नियमानें आणि कोणाच्या वांट्याचें, हा हिशेब मागें पडतो.

याहूनहि कठीण शब्द ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे आहेत. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबास मदत देण्यासाठीं निकष ठरले, आणि जिल्हा समितीनें प्रत्येक प्रकरण पात्र कीं अपात्र, तें ठरवावें अशी रीत पडली. मदतीच्या छाननीसाठीं असा शब्द कचेरींत लागतो, हें समजण्यासारखें आहे. परंतु अर्जाची पात्रता वृत्तपत्राच्या स्तंभांत उतरतांना मृत्यूची पात्रता होऊन बसते. ‘जिल्ह्यांत इतक्या आत्महत्या अपात्र’ असें वाचतांना वाचकाचें मन क्षणभरहि अडखळत नसेल, तर कचेरीची भाषा त्याच्या घरांत किती खोल शिरली आहे, हें समजावें.

बातमीदारांस दोष देऊन हा प्रश्न मिटत नाहीं. प्रसिद्धिपत्रक तयार असतें, वेळ थोडा असतो, आणि अधिकृत शब्द वापरला तर कोणाचा आक्षेप येत नाहीं. पण दुसरी वाट मुळींच नव्हती, असें नाहीं. ‘दीनमित्र’ जेथून निघे तें तरवडी हें शेतकऱ्यांचेंच गांव होतें. १९१० पासून १९६७ पर्यंत चाललेल्या त्या पत्राला शेतकऱ्याची अडचण कळण्यास प्रसिद्धिपत्रकाची गरज नव्हती. आकाशवाणीच्या पुणें केंद्रानेंहि १९५६ सालीं युनेस्कोच्या साहाय्यानें एक संस्मरणीय प्रयोग केला. पांच मराठी जिल्ह्यांतील १५० गांवांत श्रोत्यांचीं मंडळें स्थापन झालीं. आठवड्यांतून दोनदां कार्यक्रम ऐकावयाचा, त्यावर चर्चा करावयाची आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवावयाचे, असा क्रम होता. म्हणजे ध्वनिक्षेपकापुढें बसलेल्या माणसाचे शब्द खेड्यांत गेले, तसे खेड्याचे शब्दहि परत ध्वनिक्षेपकाकडे आले. या परतीच्या वाटेमुळें बोलणाऱ्यास ऐकणाऱ्याच्या शब्दांची दखल घ्यावी लागे. असा प्रयोग एकदां साधला होता, तेव्हां तो अशक्य कोटींतला म्हणतां येत नाहीं.

नगर तालुक्यांतल्या हिवरे बाजारानें तर आणखी एक मार्ग दाखविला आहे. पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें १९९० नंतर या गांवानें पाणलोटाचीं कामें केलीं, ऊस आणि शेतीसाठींच्या विंधनविहिरी यांवर बंधन घातलें, आणि दर वर्षीं पाण्याचा ताळेबंद मांडण्याचा प्रघात पाडला. पडलेला पाऊस मोजावयाचा, माणसांस आणि जनावरांस किती लागणार तें आधीं बाजूस काढावयाचें, आणि उरलेल्यावर कोणतीं पिकें घ्यावयाचीं तें ग्रामसभेंत ठरवावयाचें. तेथें टंचाई कीं दुष्काळ, असा वाद घालण्यापूर्वींच गांवास आकडा ठाऊक असतो. राज्याच्या जलयुक्त शिवार योजनेनें ‘टंचाईमुक्त महाराष्ट्र २०१९’ अशी घोषणा केली होती. त्या घोषणेंत एक ठराविक साल होतें. ताळेबंदांत दर सालचा हिशेब असतो. आणि २०१८-१९ सालींच नगर जिल्ह्यांत जनावरांच्या छावण्या पुन्हां उभ्या राहिल्या होत्या, हें ज्यांनीं पाहिलें, त्यांस या दोहोंतला भेद निराळा सांगावयास नको.

शहरांतल्या सुशिक्षित कुटुंबाचा या सगळ्याशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध असा, कीं मदत केव्हां आणि किती द्यावी याचा निर्णय जेथें होतो, तेथें शहरांतल्या वाचकाचें मत ऐकूं जातें. आणि तें मत बातमींतल्या शब्दानेंच घडतें. घराच्या नळाला पाणी येत असतांना टंचाई हा शब्द वाचणाऱ्यास ती आपल्या सोसायटींतल्या दोन दिवसांच्या पाणीकपातीसारखी वाटते. पाथर्डीच्या बाईला त्याच शब्दाचा अर्थ टँकरपुढची रांग, छावणींतलें जनावर आणि ऊसतोडीस निघालेली बैलगाडी असा लागतो. दोघांच्या घरांत एकच शब्द पोहोंचतो आणि दोन अर्थ होतात.

याला उपाय फार मोठा नाहीं. बातमी वाचतांना तीन प्रश्न मनांत ठेवावेत. हें नांव कोणीं दिलें? या नांवानें कोणास काय द्यावें लागतें आणि काय द्यावें लागत नाहीं? ज्याच्यावर हें ओढवलें, तो त्याला काय म्हणतो? पहिल्या प्रश्नाचें उत्तर बातमींत पुष्कळदां असतें, दुसऱ्याचें क्वचित, आणि तिसऱ्याचें फारच थोड्या वेळां. तें नसेल तेव्हां संपादकास पत्र लिहून विचारण्याचा अधिकार वाचकास आहे. १८९६ सालीं रयतेनें फॅमिन कोडाचा अर्थ ‘केसरी’कडून जाणून घेतला होता. आजची नियमपुस्तिका कोणासहि पाहण्यास खुली आहे. तिचा अर्थ मराठींत सांगा, असें वृत्तपत्रास आणि आकाशवाणीस म्हणणारे श्रोते मात्र हवे आहेत.